ट्रॅक्टरला उठणारी पोर

अंजनाची लेक कानानं लई तिखट, हे ऊसतोडीच्या सगळ्या टोळीला ठाऊक होतं. पहाटे उसाच्या फडात ट्रॅक्टर यायचा, आदल्या दिवशी बांधलेल्या मोळ्या भरून कारखान्याकडं न्यायला. दिवसभर कोयता चालवून मेल्यासारखी पडलेली माणसं, त्यांना त्याचा आवाज कुठला ऐकू येतो? पण पाचटाच्या झोपडीत, कोपीत, भुईवर पोतं टाकून निजवलेली वर्षाची संस्कृती टुणकन उठून बसायची नि दाराकडं टकामका बघायची. मग अंजना नवऱ्याला कोपरानं ढोसायची, सुग्रीव डोळे चोळत विचारायचा, आला का गं? आणि खरंच, तंबाखू मळून होईस्तोवर गाडी बांधावर हजर. शेजारच्या कोपीतल्या बाया म्हणायच्या, मोबाइलचा गजर चुकंल, अंजनाची पोर चुकायची न्हाई.

अंजनाला याचा गर्व होता. आता गर्वच म्हणायचा त्याला, दुसरं काय? जिच्याकडं मिरवायला ना दागिना ना माहेर, तिनं पोरीचे कान मिरवले तर तिचं काय चुकलं? पाण्याच्या टाकीवर बाया जमल्या की ती आपण होऊन विषय काढायची. दुसऱ्यांची पोरं दात काढत होती, पावलं टाकत होती, बोबडं बोलत होती. हिची पोर ट्रॅक्टरला उठत होती.

अंजना आष्टी तालुक्यातली, कडा गावापुढं चार कोसांवर एक वस्ती आहे, तिथली सून. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच साली हातात कोयता आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकट्या बाप्याला कुणी विचारत नाही, एकट्या बाईला तर नाहीच नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळी ट्रकमध्ये चढायची, गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. वर्षातले सहा महिने वस्तीवर आणि सहा महिने दुसऱ्याच्या मुलखात, असा तिचा संसार. तिला कुणी गाव विचारलं की ती आधी क्षणभर थांबायची.

कोरोना आला त्याच्या आदल्या हंगामात संस्कृती जन्मली. फडातच कळा सुरू झाल्या, दवाखाना कुठं आहे हे विचारीपर्यंत पोर बाहेर. टोळीतल्याच एका म्हातारीनं नाळ कापली. मोठ्या दवाखान्यात म्हणे जन्मलेल्या लेकराच्या कानाला दोन दिवसांत यंत्र लावून बघतात, पण ही अक्कल अंजनाला फार पुढं आली. त्या वेळी पोर रडली, दूध प्यायली, बास झालं. बाराव्या दिवशी अंजना पुन्हा मोळ्या बांधत होती. बारसं उन्हाळ्यात गावी आल्यावर झालं. सुग्रीवच्या बहिणीनं पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र केलं, संस्कृती हे नाव सांगितलं आणि पाठीत पोरींचे धपाधप धपाटे खाल्ले. पोर छताकडं बघून हसत होती.

गावाकडं मात्र ही तिखट कानाची पोर ठार निजायची. साडीची झोळी आढ्याला बांधलेली असायची. तिच्यात एकदा टाकली की खाली भांडी पडोत, दारावरून वरातीचा बँजो जावो, वळवाची वीज कडाडो, तिची पापणी हलायची नाही. अंजनाची सासू बायनाबाई समाधानानं म्हणायची, घरच्या झोळीची सर कोपीला कुठली, इथं लेकराला निवांत झोप लागती. अंजनाही मान हलवायची. आता ऐकणाऱ्याला वाटेल, अगं बाई, इथंच तर पाणी मुरत होतं, कळलं कसं नाही? पण ज्यानं त्यानं आपल्या घरात डोकावून बघावं, आपल्याला काय काय दिसत नाही ते.

दोन वर्षांची झाली, तीनची झाली, पोर बोलेना. आ-आ करायची, ओढायची, पदर धरून न्यायची. भूक लागली की तोंडाकडं हात, पाणी पाहिजे असलं की अंगठा. बायनाबाई म्हणाली, सुग्र्या बी चौथ्या वर्सापस्तोर मुकाच होता, आता बघा, तोंड बंद होत न्हाई. वेखंड उगाळून जिभेला लावलं. कुणी म्हणालं, पोपटानं उष्टा केलेला पेरू चारा. सुग्रीव बिचारा दोन कोस जाऊन एका मळ्यातून चोच मारलेले पेरू घेऊन आला. पोरीनं ते मिटक्या मारत खाल्ले. सगळे जिभेमागं लागले होते. कानाचा संशय कुणालाच नव्हता, कारण कानाची खात्री साऱ्या टोळीनं दिलेली.

वस्तीवरच्या अंगणवाडीच्या सावित्रीबाई चांगल्या बाई. पण कोरोनात अंगणवाडीला कुलूप, ते उघडल्यावर चाळीस पोरं आणि नोंदवह्यांचा ढीग. डॉक्टरांचं पथक पोरं तपासायला यायचं ते हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात निम्मी वस्ती फडावर. संस्कृतीच्या नावापुढं दर साली एकच शब्द पडायचा, स्थलांतरित. पावसाळ्यात मायलेकी सापडल्या की सावित्रीबाई वजन करायच्या, दंड मोजायच्या आणि यादीतले प्रश्न विचारायच्या. त्यात एक प्रश्न असायचा, ऐकू नीट येतं का. अंजना हसायची.

"बाई, तुमच्या-माझ्यापरीस जास्ती येतं. ट्रॅक्टर आला की टोळीत सगळ्यात आधी तीच उठती."

सावित्रीबाई तिथं बरोबरची खूण करायच्या. लागोपाठ दोन पावसाळे केली. ती खूण कुणा डॉक्टरनं केली नव्हती, कुणी खोटेपणानंही केली नव्हती. ती आईच्या तोंडच्या शब्दावर झाली होती, आणि अंजनाला आजही घशात घास अडकतो तो इथं.

पोर साडेचार वर्षांची झाली तेव्हा सावित्रीबाईंनाच राहवलं नाही. सगळी पोरं गाणं म्हणताना ही एकटी भिंतीचा रंग खरवडत बसायची. एकदा बाईंच्या हातून पोषण आहाराचं पातेलं पडलं, साऱ्या पोरांनी दचकून वळून पाहिलं, ही नाही. बाई संध्याकाळी वस्तीवर आल्या, चिठ्ठी दिली आणि नगरच्या एका दवाखान्यात कानाच्या तपासणीला नेण्याबद्दल बजावून गेल्या. सुग्रीव नंबर लावून आला. रांग मोठी, तारीख मिळाली दिवाळीनंतरची. आणि टोळीचा ट्रक निघणार होता त्याच्या तीन दिवस आधी.

अंजना टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाकडं गेली. त्रिंबक मुकादम काही राक्षस नव्हता, पण मुकादम होता. ती म्हणाली, मी आठ दिस मागं राहते, तपासणी करून येष्टीनं येते, तोवर हे एकटे पुढं जातील. त्रिंबक म्हणाला, अर्धा कोयता न्हाई चालत, अंजना. तुला सोडलं तर उद्या धा बाया उभ्या राहतेल. पाडव्याला परत आलीस की खुशाल जा, कान काय पळून चाललेत व्हय? सुग्रीव खाली मान घालून उभा होता. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतो?

आता खरं सांगायचं तर अंजनाही फार भांडली नाही. हट्टाला पेटली असती तर ट्रकसमोर आडवी पडली असती, तेवढी ती नक्कीच खमकी होती. एकदा खुरप्याच्या वादात तिनं दोन जावा गप केल्या होत्या. पण तिच्या मनात पक्कं होतं की बाईंचं काहीतरी चुकतंय. जी पोर झोपेत ट्रॅक्टर ओळखते तिचे कान कशाला तपासायचे? तारखेची चिठ्ठी तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि ट्रकमध्ये चढली. त्या दिवशी संस्कृतीला चार वर्षं दहा महिने झाले होते.

त्या हंगामातही पोर ट्रॅक्टरला उठली. पण दिवसा तिचं काही खरं नव्हतं. बाकीची पोरं खेळात घेईनात, ही चिडून चावायची, दगड भिरकवायची. पोरं येडी म्हणायची. अंजना धावत जाऊन त्या पोरांना दटावायची आणि परत येऊन हिच्याच पाठीत रट्टा घालायची. मग पाचटाच्या ढिगाआड बसून तिला पोटाशी धरायची नि म्हणायची, बोल की गं, एकदा तरी बोल. पोर तिच्या हलत्या ओठांवर बोट ठेवायची.

पाडव्याला परत आल्यावर लग्नसराई, मग पेरणी. सुग्रीव आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. शेवटी श्रावणात सावित्रीबाईंनीच दुसरी तारीख घेतली आणि स्वतः मायलेकींना घेऊन नगरला गेल्या. संस्कृतीला तेव्हा पाच वर्षं सात महिने झालेले.

तपासणीच्या मॅडम वयानं लहान, आवाजानं मऊ. त्यांनी पोरीला एका जाड भिंतींच्या खोलीत बसवलं. खाली मऊ सतरंजी, पुढ्यात रंगीत ठोकळे. अंजनाला मागं बसवून सांगितलं, हलायचं नाही, काही बोलायचं नाही. मॅडम काचेपलीकडं गेल्या. बारीक आवाज सुरू झाला, चिमणीसारखा. पोर ठोकळे रचत होती. मग आवाज वाढला. मग आणखी वाढला. मग असा काही आला की अंजना स्वतः बसल्या जागी उडाली. पोरीनं लाल ठोकळ्यावर निळा ठोकळा नीट बसवला, हात मागं घेऊन तो पडत नाही ना ते पाहिलं. अंजनाला रडू आलं नाही. तिला घाम आला.

मग औषध पाजून पोरीला झोपवलं, कपाळाला नि कानामागं तारा चिकटवल्या आणि संगणकावर रेघा पाहिल्या. तास-दीड तास गेला. मॅडमनी सांगितलं की दोन्ही कानांना जवळजवळ काहीच येत नाही, आणि हे जन्मापासूनचं आहे. अंजना खुर्चीवरून उठलीच.

"न्हाई मॅडम. काहीतरी चुकतंय तुमचं. ती ट्रॅक्टरला उठती."

मॅडमना आधी कळेना. सावित्रीबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, फडावर पोर कुठं झोपते? भुईवर, पोत्यावर. आणि घरी? लहानपणी झोळीत, आता बाजेवर. झोळीत असताना ती कधी कशाला उठली का? अंजनाला दारावरून गेलेला वरातीचा बँजो आठवला. मॅडमनी तिचा हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला, स्वतःचा मोबाइल मुका करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि तो वाजवला. आवाज नाही. पण टेबल थरथरलं, अंजनाच्या तळहाताला मुंग्या आल्या.

"भरलेली गाडी आली की जमीन हलते," मॅडम म्हणाल्या. "तिनं ऐकलं नाही. तिला अंगाला कळलं."

अंजनानं हात झटकन काढून घेतला.

पुढं मोठ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं तिच्या डोक्यात शिरलं नाही, पण जेवढं शिरलं तेवढं पुरेसं होतं. ऐकल्याशिवाय लेकरू बोलायला शिकत नाही. मेंदूत शब्दांची जागा तयार व्हायची ती पहिल्या काही वर्षांत. सहा महिन्यांची असताना कळलं असतं तर यंत्र लावून, शिकवून पोर आज कदाचित बोलली असती. कानाच्या आत बसवायचं ऑपरेशन असतं, तेही लवकर केलं तर; पाचाच्या आत आणली असती तर प्रयत्न केला असता, आता त्याचा फारसा उपयोग व्हायचा नाही. अंजनानं एकच विचारलं, मागल्या दिवाळीला आणली असती तर? डॉक्टरांनी कागद उलटला, जन्मतारीख पाहिली आणि काही बोलले नाहीत. अहो, एक शब्द बोलायचा होता. नाहीच झालं असतं म्हणायचं होतं, खोटं का होईना. पण भला माणूस गप्प बसला, आणि अंजनाला तिचं उत्तर मिळालं.

घरी आल्यावर तिला वाटत होतं, कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात. सासूनं म्हणावं, कान तिखट म्हणून नाचत होतीस ना? नवऱ्यानं एक थोबाडीत द्यावी. कुणी काही केलं नाही. बायनाबाई कपाळाला हात लावून बसली. सुग्रीव म्हणाला, आपल्या कर्मात व्हतं. कर्मात! त्या शब्दानं तिचं पित्त खवळलं. कर्म कुठं मधी आलं? पोर साडेपाच वर्षं डोळ्यांसमोर सांगत होती, झोळीत एक, भुईवर एक, आणि आईनं त्यातलं पाहिजे तेवढंच उचललं. ती चुलीपुढं बसली आणि भाकरी करपली तरी बसूनच राहिली.

चार महिन्यांनी कानातली यंत्रं मिळाली. त्या साली अंजना ट्रकमध्ये चढली नाही. सुग्रीव मेहुण्याला जोडीला घेऊन गेला. मॅडमनी यंत्रं बसवली, बटण लावलं आणि अंजनाला सांगितलं, नावानं हाक मारा. अंजनानं मोठ्यानं हाक मारली. पोर भेदरली. तिनं भिंतीकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि किंचाळत दोन्ही कानांतलं ओढून फेकलं. आवाज पोचला होता. पण तो आईच्या तोंडातून आला, आणि ते आपलं नाव आहे, हे तिला कोण सांगणार? हळूहळू ती यंत्रं ठेवायला शिकली. आता कुत्रं भुंकलं की वळून बघते, भांडं पडलं की दचकते. शब्द मात्र तिच्या लेखी सगळे सारखेच, नुसता गलका.

मॅडमनीच निवासी शाळेचं सुचवलं, अशाच मुलांची. तिथं हातांनी बोलायला शिकवतात, लिहायला-वाचायला शिकवतात. जूनमध्ये अंजना तिला सोडून आली. पोर फाटकाच्या गजांना धरून उभी होती, रडत नव्हती, कारण आई परत जाणार आहे हे तिला सांगायला अंजनाजवळ खूणच नव्हती. तिनं फक्त जेवायची खूण केली, पोट भरून जेव म्हणून, आणि वळली. रस्ताभर तिचे पाय मागं ओढ घेत होते. दिवाळीनंतर ती पुन्हा सुग्रीवबरोबर ट्रकमध्ये चढली. आता मागं राहायचं कारणही उरलं नव्हतं.

यंदाच्या हंगामात एका दुपारी कारखान्याचं काहीतरी बिघडलं, गाड्या आल्या नाहीत, टोळीला अर्धा दिवस सुट्टी मिळाली. ज्यांची पोरं गावाकडं राहिलेली, त्या साऱ्या बाया फोन घेऊन बांधावर बसल्या. कुणी अभ्यास विचारत होतं, कुणी दम देत होतं. सुग्रीवनं शाळेत व्हिडिओ कॉल लावून मोबाइल अंजनाच्या हातात दिला. खुणांची भाषा येणाऱ्या ताई बाहेर गेलेल्या. स्वयंपाकाच्या मावशींनी फोन धरला. संस्कृती पडद्यावर आली. दोन वेण्या, निळं स्वेटर, अंगानं भरलेली. आईला पाहून ती खुदकन हसली आणि तिचे हात चालू झाले.

असे हात अंजनानं तिचे कधी पाहिले नव्हते. बोटं भराभरा दुमडत होती, उलगडत होती, छातीशी जात होती, बाहेर येत होती. पोर बोलत होती! सहा वर्षं जिच्या एका शब्दासाठी अंजना झुरली, ती पोर धो-धो बोलत होती, आणि आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. अंजनानं खूण केली, परत. पोरीनं परत केलं. पुन्हा परत म्हटल्यावर तिनं एकेक बोट सावकाश हलवून दाखवलं, मंद माणसाला समजावतात तसं. पोरीचे डोळे भरून आले होते. अंजनानं मावशींना विचारलं, काय म्हणती वो ती? मावशी म्हणाल्या, मला बी कळत न्हाई, बाई. मग अंजनानं आपली मान हलवली, हो हो म्हणून. पोरीनं हात मधेच थांबवले. आईकडं एकटक पाहिलं. तिला कळलं की आईला काही कळलेलं नाही.

संध्याकाळी ताई आल्यावर अंजनानं फोन करून विचारायला लावलं. ताईंनी संस्कृतीला विचारलं, आईला दुपारी काय सांगत होतीस. तिनं खांदे उडवले, काही नाही म्हणाली. अंजना दर आठ-दहा दिवसांनी फोन लावते. पोर येते, हसते, आणि जेवले एवढीच खूण करून थांबते. तेवढीच आईला येते, हे तिला आता माहीत आहे.